सिस्टर, रात्री दोन वाजता तुला नेमकं काय 'वाटलं'?

(पत्र बरंच मोठं होतं, कापून देतेय. गावाचं आणि हॉस्पिटलचं नाव मुद्दाम काढलंय.)

"ताई नमस्कार. माझं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, धुळे जिल्ह्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलला सव्वा वर्षापासून आहे. मागच्या महिन्यात नाइटला होते. एक ४८ वर्षांचे शेतकरी पेशंट, डायबेटिक, कपाशीत पायात काटा गेला त्यातून पाय सुजून सेल्युलायटिस (चामडीखालचं इन्फेक्शन), तिसरा दिवस. रात्री दोनला बीपी ११०/७०, पल्स ९८, टेम्परेचर ९९, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९६. सगळं ठीक. पण मला काहीतरी बरोबर नाही असं वाटलं. ते उगाच चादर ओढत होते, दोनदा विचारलं बैल बांधले का, बोलता बोलता मध्येच श्वासाला थांबत होते. त्यांची आई जवळ बसलेली, ती म्हणाली 'मना पोऱ्या असा करस नई, सिस्टर' (माझा पोरगा असा करत नाही). मी म्हटलं आजी झोपा, औषध चालू आहे. डॉक्टरांना फोन केला, 'सर मला पेशंट बरा वाटत नाहीये'. ते म्हणाले बीपी किती, मी सांगितलं, ते म्हणाले मग? वाटतं म्हणजे काय, नंबर सांग, आणि फोन ठेवला. साडेपाचला बीपी ८०. मग पळापळ, मोठ्या हॉस्पिटलला हलवलं. देवाच्या कृपेने वाचले, आता ड्रेसिंगला येतात आमच्याकडेच.

इन्चार्ज सिस्टर म्हणतात हे अनुभवाने कळतं, तुला अजून वेळ आहे. डॉक्टर म्हणतात नंबर. माझी रूममेट एमएस्सी नर्सिंग करतेय, तिच्या नोट्समध्ये 'वेज ऑफ नोइंग' (जाणण्याचे प्रकार) म्हणून आहे, त्यात लिहिलंय की नर्सचं ज्ञान चार प्रकारचं असतं, इंट्यूशन पण ज्ञान. मग मी कोणाचं खरं मानू? माझं वाटणं हे ज्ञान आहे का नुसती भीती? आता प्रत्येक पेशंटजवळ गेलं की मला काहीतरी वाटतंच."

अगं, आधी जेवत जा वेळेवर. पत्र पहाटे ४ ला पाठवलंय, म्हणजे ड्युटीवरच टाइप केलंय आणि डबा तसाच असणार. मी ३४ वर्षं ह्या नोकरीत काढली, नाइटचा उपाशी मेंदू काय काय वाटवून देतो ते मला माहितीये.

आता मुद्द्याचं. 'तुझं काहीच चुकलं नाही गं' असं मी लिहिणार नाही, कारण थोडं चुकलंय. फक्त तू जिथे शोधतेयस तिथे नाही.

तुझं पत्र तूच परत वाच. तू लिहितेस 'काहीतरी बरोबर नाही असं वाटलं' आणि लगेच पुढच्या वाक्यात काय लिहितेस? चादर ओढत होते. बैलांचं दोनदा विचारलं. श्वासाला थांबत होते. बाई, ह्या तीन गोष्टी तू डोळ्याने बघितल्यास, कानाने ऐकल्यास, आणि त्या सगळ्यांची मोट बांधून तिला नाव दिलंस 'वाटलं'. फोनवर डॉक्टरांना ती बांधलेली मोटच दिलीस, आत काय आहे ते सोडून दाखवलंच नाहीस. त्यांनी फोन ठेवला ते चूकच, त्यावर येते पुढे, पण त्यांना त्या फोनमधून कळलं काय असेल ते पण बघ ना.

आता जरा हिशोब करू. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ ला एक स्कोअर काढला, न्यूज म्हणतात त्याला, नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर, २०१७ ला सुधारून परत आणला. श्वास, सॅच्युरेशन, ऑक्सिजन लावलाय का, वरचं बीपी, पल्स, शुद्ध आणि टेम्परेचर, प्रत्येकाला ० ते ३ मार्क (ऑक्सिजन लावलेला असेल तर सरळ २). जितके मार्क जास्त तितका पेशंट वाईट, शाळेच्या उलट. तुझ्या पेशंटचं बघ. वरचं बीपी ११०, त्याला १ मार्क कारण १११ च्या खाली आलं. पल्स ९८, १ मार्क. सॅच्युरेशन ९६ शून्य, ताप ९९ शून्य, ऑक्सिजन नाही शून्य. झाले २. दोन म्हणजे झोपा आरामात. पण नवीन गोंधळलेपणा, म्हणजे माणूस काल नीट बोलत होता आणि आज हॉस्पिटलच्या कॉटवर बैल बांधले का विचारतोय, ह्याला थेट ३ मार्क, आणि २०१७ च्या सुधारणेत हेच मुद्दाम घातलंय. झाले ५. आणि श्वास? श्वास किती होते ते तुझ्या पत्रात नाहीच! चार्टवर २० लिहिलं असशील, लाव पैज. धरून चाल २४ होते, त्याचे २. एकूण ७. आणि सात किंवा त्याच्या पुढे म्हणजे ताबडतोब डॉक्टर बेडजवळ पाहिजे, इमर्जन्सी.

बघितलंस? तोच माणूस, तीच दोन वाजताची वेळ, एका हिशोबाने २ आणि दुसऱ्या हिशोबाने ७. डॉक्टरांनी नंबर मागितला आणि तुझ्याकडे तो होता पण तुला माहिती नव्हतं की तो नंबर आहे. ह्याचाच मला राग येतो, तुझ्यावर नाही हं, आपल्या शिकवण्यावर. बीपी, पल्स, सॅच्युरेशन मशीन देतं म्हणून ते खरं, आणि जे मशीन देत नाही ते 'वाटणं'.

आणि श्वासाचं तर बोलूच नये. कुठल्याही वॉर्डचा टीपीआर (ताप-नाडी-श्वासाचा) चार्ट काढ, तीस पेशंटचे श्वास २०, २०, १८, २०. जणू सगळे एकाच तालात श्वास घेऊन राहिले. मी पण लिहिलेत, खोटं कशाला बोलू. पण हे एक मिनिटाचं काम आहे. मनगट धर पल्स बघतेयस असं दाखव, पेशंटला सांगू नकोस की श्वास मोजतेय, सांगितलं की माणूस जपून श्वास घ्यायला लागतो. नजर छातीवर किंवा पोटावर, पांघरूण असेल तर हात हलकेच पोटावर ठेव, आणि पूर्ण ६० सेकंद मोज, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. त्या एका मिनिटात तुला आणखी काय काय दिसेल बघ. नाकपुड्या फुलतायत का, मानेचे स्नायू ओढले जातायत का, वाक्य पूर्ण होतंय की तीन शब्दांनंतर थांबतोय.

हो आणि एक राहिलंच, हे महत्त्वाचं. डायबेटिक माणूस असंबद्ध बोलतोय म्हटल्यावर पहिलं काम काय? बोटाला टोचून शुगर! फोनच्या आधी. शुगर ४० निघाली असती तर गोष्टच वेगळी, ग्लुकोज गेलं की पाच-दहा मिनिटांत माणूस बैल सोडून शुद्धीवर. पत्रात शुगरचा उल्लेख नाही, केली नसशील तर ही चूक लक्षात ठेव.

बीपी दोनला ठीक आणि साडेपाचला ८० हे कसं, असं तुला वाटत असेल. तुझ्या घरी शेती असेल तर पटकन कळेल. रावेर-यावलकडे केळीला ठिबक असतं ना, विहिरीचं पाणी कमी पडायला लागलं की शेतकरी काय करतो, मागच्या ओळींचे कॉक बंद करतो म्हणजे पुढच्या ओळींना प्रेशर टिकतं. गेजवर बघशील तर प्रेशर एकदम बरोबर. पण मागची केळी वाळायला लागली. शरीर हेच करतं. जंतुसंसर्ग रक्तात पसरला, शिरा ढिल्या पडल्या, रक्त कमी पडायला लागलं की शरीर हातपाय-चामडी-किडनीचे कॉक बंद करत जातं, हृदय जोरात पळतं, श्वास वाढतो कारण रक्तात आम्ल साठतंय. ह्यालाच सेप्सिस म्हणतात. बीपी सगळ्यात शेवटी पडतं. म्हणजे बीपी ठीक आहे ह्याचा अर्थ एवढाच की कॉक बंद करणं अजून जमतंय. अशा वेळी गेज बघत बसू नये, मागच्या ओळीत जाऊन माती चाचपावी. पाय चाचप, गुडघे चाचप. लघवी किती झाली विचार. गुडघ्यावर जाळीसारखे निळसर डाग येतात पण आपल्याकडच्या सावळ्या रंगावर ते दिसत नाहीत सहज, म्हणून हात लावायचा. (आणि ताप नव्हता म्हणून फसू नकोस, वयस्कर आणि डायबेटिक लोकांना इन्फेक्शन जोरात असूनही ताप येत नाही कित्येकदा. बीपीसाठी अ‍ॅटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर पल्स पण वाढत नाही. विचारत जा गोळ्या.)

आता तुझ्या रूममेटच्या नोट्स. बार्बरा कार्पर नावाच्या अमेरिकन नर्स, त्यांनी १९७८ ला हा लेख लिहिला, नर्सेस नेमकं कुठल्या प्रकाराने जाणतात त्याबद्दल. चार प्रकार सांगितले. नोट्समध्ये ते चार कप्पे करून लिहितात, पाठ करतात, पाच मार्काला येतं, विषय संपला. त्यामुळे ते कोरडं वाटतं. तुझ्या त्या बेडजवळ उभं राहून बघ म्हणजे कोरडं वाटणार नाही.

पहिलं शास्त्राचं, एम्पिरिकल. वर ठिबकचं सांगितलं ते, स्कोअर, शुगर, कुणीही मोजलं तरी तेच यायला पाहिजे असं ज्ञान. दुसरं एस्थेटिक, ह्याचं मराठी 'सौंदर्यात्मक' केलेलं मी बघितलंय आणि हसले, पोरी म्हणतात मॅडम बेडशीट छान घालायची का. तसं नाही गं. समोरचा हा एक माणूस, हा ह्या क्षणी कसा आहे ते एका दमात पकडणं आणि त्याप्रमाणे हात चालणं. गायकाला सूर लागला की नाही ते कळतं तसं. तू चादर ओढणं बघून थबकलीस ते हेच होतं. तिसरं स्वतःचं, पर्सनल. ह्याचा अर्थ 'माझा पर्सनल अनुभव' असा लावतात सगळे, पण कार्परचा रोख वेगळा, पेशंटसमोर मी स्वतः कोण म्हणून उभी आहे हे ओळखणं. रात्री दोनला डॉक्टरांच्या ओरडण्याची भीती वाटते आणि म्हणून मी हळू, चाचरत, 'सर मला वाटतं' असं बोलते, हे स्वतःला माहीत असणं. आणि चौथं नीतीचं, एथिकल. फोन ठेवला गेल्यावर पुढे काय करायचं हा प्रश्न कुठलाही स्कोअर सोडवत नाही.

चारही त्या एका बेडवर एकाच वेळी हजर होती. तू विचारतेस कोणाचं खरं, डॉक्टरांचं, इन्चार्जचं की नोट्सचं. अगं भांडण कुठे आहे त्यांच्यात? थबकलीस ते दुसऱ्याने, मोजायला पाहिजे होतंस पहिल्याने, तोंड उघडायला तिसरं आणि परत फोन करायला चौथं. तुझं पहिल्या पायरीलाच दार बंद झालं, थबकलीस पण मोजलं नाहीस.

इन्चार्ज सिस्टर म्हणतात अनुभवाने कळतं. खरंय, पण अर्धंच. पॅट्रिशिया बेनर म्हणून आहेत, त्यांनी १९८४ ला पुस्तक लिहिलं, नवशिकी ते निष्णात अशा पाच पायऱ्या सांगितल्या, त्या पायऱ्या मुळात ड्रायफस नावाच्या दोघा भावांनी वैमानिक आणि बुद्धिबळ खेळणाऱ्यांवरून मांडलेल्या. नवशिकी नियमाने चालते, निष्णात नर्सला नियम आठवावा लागत नाही, तिला अख्खं चित्र दिसतं. पण बेनर हेही सांगतात की नुसती वर्षं भरली म्हणून अनुभव होत नाही, आधीची समजूत प्रत्यक्षात घासली गेली, बदलली, तरच त्याला अनुभव म्हणायचा. मग 'तुला अजून वेळ आहे' म्हणून सोडून देणारी सिनियर तुझ्या काय कामाची?

माझी गोष्ट सांगते. मी नवीन असताना आमच्या एक इन्चार्ज होत्या, राउंडला निघाल्या की प्रत्येक बेडच्या पायथ्याशी थांबून पेशंटच्या पायाचा अंगठा धरायच्या, हलकेच, दोन सेकंद, आणि विचारायच्या 'काय दादा, कसं काय'. आम्हाला वाटायचं किती प्रेमळ. पेशंटलाही तेच वाटायचं. दोन वर्षांनी मी विचारलं, बाई तुम्ही अंगठाच का धरता. त्या म्हणाल्या 'अगं थंड लागला की थांबते, गरम लागला की पुढे जाते'. बस. दोन वर्षं आम्ही म्हणायचो ह्यांना कसं काय आधीच कळतं, अंगात येतं की काय! आणि सगळं त्या अंगठ्यात होतं. मी विचारलंच नसतं तर त्या रिटायर होताना ते ज्ञान त्यांच्याबरोबर घरी गेलं असतं. तू पण विचार. 'कसं कळलं' असं नको विचारूस, त्याला उत्तर मिळतं 'अनुभवाने'. 'तुम्ही काय बघितलं, कुठे हात लावला, आधी कुठे बघितलं' असं विचार. बऱ्याच जणींना स्वतःलाच माहिती नसतं त्या काय करतात ते, मग त्यांच्या मागे मागे राउंडला जा आणि हात बघ.

गार पायावरून आठवलं. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर, विंचवाच्या दंशावर प्राझोसिन नावाचं औषध वापरायचं त्यांनी दाखवून दिलं, जगभर मानलं गेलं, पद्मश्री मिळाली. ते सुरू कुठून झालं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्र रात्र पेशंटशेजारी बसून बघण्यातून, घाम, थंड पडलेले हातपाय, फेसाळ थुंकी, काय आधी होतं काय नंतर होतं. आज ते शास्त्र म्हणून पुस्तकात आहे, तेव्हा ते कुणाचं तरी नुसतं बघणं होतं.

पण थांब, आता 'वाटणं' म्हणजे फार भारी असं डोक्यात घेऊ नकोस. त्याचीही दुसरी बाजू आहे आणि ती मला फार महागात पडली.

बरीच वर्षं झाली, नंदुरबारकडे सातपुड्याच्या पायथ्याला एका सरकारी दवाखान्यात होते. एक पावरा समाजाची मुलगी अ‍ॅडमिट, असेल १९-२० वर्षांची, सिकलसेलची. भिंतीकडे तोंड करून गप पडलेली. आवाज नाही, रडणं नाही. शेजारच्या कॉटवर एक बाई होत्या, त्या साध्या सलाईनच्या सुईला अख्खा वॉर्ड डोक्यावर घ्यायच्या. मी माझ्या त्या वेळच्या १५ वर्षांच्या अनुभवाने ठरवलं, हिला दुखत नाहीये आणि त्या नाटक करतात. केसपेपरवर लिहिलं पेशंट कम्फर्टेबल. मला अहिराणी येते, मराठी येते, मला वाटायचं मला सगळ्यांचं कळतं. पावरी येत नव्हती. संध्याकाळी आमच्या वॉर्डातल्या मावशी आल्या, त्या तिच्याच भागातल्या, दोन वाक्यं बोलल्या तिच्याशी आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, सिस्टर, ही सांगते सकाळपासून कोणी तिची हाडं आतून फोडून राहिलंय. सकाळपासून! आणि मी कम्फर्टेबल लिहून चहा प्यायले होते.

सिकलसेलमध्ये त्या विळ्यासारख्या वाकड्या पेशी बारीक शिरांमध्ये अडकतात, हाडापर्यंत रक्त पोचत नाही, ते दुखणं बाळंतपणाच्या कळांसारखं असतं म्हणतात. आणि ते दुखणं किती आहे ते सांगणारी रक्ताची कुठलीही टेस्ट नाही. नंबर इथे पेशंटच्या तोंडातूनच येतो. तो घ्यायला माझ्याकडे भाषा नव्हती आणि भाषा नाही हे मला कळत पण नव्हतं. उलट हीच पोरं वारंवार येतात, इंजेक्शन मागतात, तर आपण म्हणतो ह्याला सवय लागली. शेजारच्या त्या बाईंचं पण पुढे कळलं, आधीच्या एका ठिकाणी सलाईन बाहेर जाऊन हात इतका सुजलेला की महिनाभर भाकरी थापता आली नव्हती. नाटक कसलं!

पॅट्रिशिया मुनहॉल म्हणून आहेत, त्यांनी १९९३ ला कार्परच्या चारात भर घातली, 'अननोइंग'. मी त्याला 'मला माहीत नाही असं धरून बसणं' म्हणते. पेशंटकडे जाताना माझं ठरलेलं सगळं थोडा वेळ बाजूला ठेवायचं आणि त्याच्या बाजूने तो काय सांगतोय ते ऐकायचं. ऐकायला सोपं, करायला जाम अवघड, खासकरून माझ्यासारख्या जुन्या बायांना.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर, ज्ञान का भीती. दोन वाजता ते काय होतं हे नुसतं आठवून नाही ठरणार. वाटलं की बेडकडे परत जायचं. श्वास मोजायचे, पाय चाचपायचे, शुगर करायची, आज वार कोणता, हॉस्पिटलचं गाव कोणतं विचारायचं, अर्ध्या तासाने परत तेच. भीती असेल तर मोजता मोजता विरते, हात लावला की निम्मी जाते. आणि खरं असेल तर दर अर्ध्या तासाला ते आणखी ठळक होत जातं. आत्ता तुला प्रत्येक पेशंटजवळ काहीतरी वाटतंय म्हणतेस ना, ते होणारच, मोठा झटका बसलाय तुला. काही दिवस प्रत्येकाचे श्वास मोज. खरंच. वेळ जाईल पण झोप लागेल.

आता फोन. 'सर मला पेशंट बरा वाटत नाहीये' हे वाक्य टाकून दे. असं बोल: "सर, बेड नंबर अमुक, सेल्युलायटिसचे डायबेटिक पेशंट, तिसरा दिवस. दोन तासांपासून असंबद्ध बोलतायत, हे नवीन आहे, आई पण सांगते. श्वास २४, पूर्ण मिनिट मोजले. पल्स ९८, बीपी ११०/७०, ॲडमिट झाले तेव्हा १४० होतं, शुगर १८०, पाय गार, रात्री दहानंतर लघवी नाही. मला सेप्सिसची शंका आहे, तुम्ही येऊन बघा." आकडे मी मनाने भरलेत, तू तुझे भर. शेवटचं वाक्य गिळायचं नाही, काय पाहिजे ते सांगायचं. ह्याला एसबीएआर म्हणतात (आत्ताची परिस्थिती, मागची माहिती, तुझा अंदाज, काय पाहिजे), ते मुळात अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांतून आलंय, तिथे पण ज्युनियरला सिनियरशी थोडक्यात आणि स्पष्ट बोलावं लागतंच. फोन ठेवला तर केसपेपरवर वेळ लिही, काय कळवलं आणि काय उत्तर मिळालं ते लिही, पंधरा मिनिटांनी परत कर, तेव्हाही नाही तर नाइट सुपरवायझर, नाहीतर कन्सल्टंट. ओरडा खावा लागेल. मी पण खाल्लाय, एकदा तर डॉक्टरांनी सगळ्या नातेवाइकांसमोर झापलं होतं आणि पेशंटला गॅसच झाला होता! लाज वाटली दोन दिवस. पण तिसऱ्या दिवशी परत फोन केलाच दुसऱ्या कुणासाठी.

तुझ्या डॉक्टरांना हे पण माहिती असू दे (तू सांगू नकोस, आपोआप कळेल कधीतरी). सिडनीच्या लिव्हरपूल हॉस्पिटलमध्ये १९९० ला इमर्जन्सी टीम सुरू झाली, कधी बोलवायची त्याच्या यादीत बीपी-पल्सच्या आकड्यांबरोबर एक कारण होतं, स्टाफला पेशंटची गंभीर काळजी वाटणे. नुसती काळजी वाटली तरी बोलवा, टीम येणार. पुढे नेदरलँड्समध्ये तर नर्सला काळजी वाटते म्हणजे तिला नेमकं काय काय दिसतं ते उकलून ९ खुणा काढल्या, श्वासातला बदल, वागण्या-बोलण्यातला बदल, अस्वस्थपणा, आणि पेशंट स्वतःच म्हणतो मला बरं वाटत नाही, ही पण त्यातलीच. तुझ्या पत्रात त्यातल्या तीन तरी आहेत.

अजून एक, मग थांबते, लांबलं फार. रात्री तीस बेडला तू एकटी आणि एक मावशी, मग प्रत्येकाचे श्वास ६० सेकंद मोजायचे कधी, असं तू मनात म्हणत असशील. बरोबर म्हणतेस. जिल व्हाइट यांनी १९९५ ला हाच मुद्दा कार्परच्या यादीत जोडला, की बेडभोवतीचं सगळं पण बघा, माणसं किती, पगार किती, कोणाचा शब्द चालतो. नर्सने फोनवर चाचरत बोलणं हा काही तिचा एकटीचा स्वभाव नाही, तिला तसं चाचरायला लावलेलं असतं. हे लक्षात असू दे म्हणजे सगळा दोष स्वतःच्या डोक्यावर घेणार नाहीस.

आणि आता ती आजी. इतका वेळ मी मुद्दाम तिच्याबद्दल लिहिलं नाही. त्या रात्री वॉर्डात पेशंटला सगळ्यात जास्त ओळखणारं माणूस कोण होतं? ४८ वर्षं बघतेय ती त्याला. नवीन गोंधळलेपणा आहे की नाही हे तू सांगूच शकत नव्हतीस, तुला तो तीन दिवसांपासून माहिती, तेच तिने एका वाक्यात सांगितलं, मना पोऱ्या असा करस नई. स्कोअरमधले ते ३ मार्क आजीच्या तोंडात होते आणि तू म्हणालीस झोपा. इंग्लंडमध्ये २०२४ पासून 'मार्थाज रूल' म्हणून सुरू झालंय, घरच्यांना वाटलं पेशंट बिघडतोय तर तेच दुसऱ्या टीमला तपासायला बोलवू शकतात. आपल्याकडे तो नियम नाही, आपल्याकडे तूच आहेस.

ते ड्रेसिंगला येतात म्हणतेस, बरोबर आजी येतच असेल. पुढच्या वेळी आली की तिला स्टूल दे, चहा सांग, आणि विचार की आजी त्या रात्री तुम्हाला कशावरून समजलं. मला फार उत्सुकता आहे. काय म्हणते ते मला लिही, अहिराणीतच लिही, जसंच्या तसं.